प्राचीन ग्रीक शहरं एकमेकांचे पैसे बुडवायची तेव्हा निवाडा कोण करायचं?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा दिसतो की सगळी नगरराज्यं स्वतंत्र, वर कुणी राजा नाही, मग सरकारी कर्ज थकलं तर दाद मागायची कुठे आणि लवादाचा खरंच उपयोग व्हायचा का. थोडक्यात सांगतो: दाद मागायची तिसऱ्या शहराकडे. निवाडे बरेचदा अगदी चोख व्हायचे. घोडं अडायचं ते निकाल मानण्यापाशी.

आधी जमलेलं प्रकरण बघू. साधारण इ.स.पू. 300 च्या सुमाराचा एक शिलालेख कॅलिम्नॉस बेटावर मिळालाय. शेजारच्या कॉस बेटावरच्या डायगोरास नावाच्या माणसाच्या मुलांनी कॅलिम्नॉसच्या अख्ख्या शहरावर 30 टॅलेंटचा दावा लावला. एक टॅलेंट म्हणजे 6000 ड्राक्मा, म्हणजे चांदीची नाणी; तेव्हा एका लहान बेटासाठी ही छाती दडपवणारी रक्कम होती. खटला कॉसमध्ये चालवला तर कॅलिम्नॉसवाले ओरडणार, कॅलिम्नॉसमध्ये चालवला तर शहरच आरोपी आणि शहरच न्यायाधीश. म्हणून समोरच्या मुख्य भूमीवरच्या क्निडॉस शहराकडे प्रकरण सोपवलं.

या लेखात निकालापेक्षा कामकाजाचे नियम वाचण्यासारखे आहेत. न्यायाधीशांनी झ्यूस, लिकियाचा अपोलो आणि पृथ्वी यांची शपथ घ्यायची: न्यायाने निकाल देईन, साक्षीदार खोटं बोलतोय असं वाटलं तर त्याच्या साक्षीवर विसंबणार नाही, कुणाकडून काही घेतलेलं नाही. भाषणाला वेळ पाण्याच्या घड्याळावर. पहिल्या भाषणाला 18 खोएस (खूस या मापाचं अनेकवचन) पाणी, उत्तराच्या भाषणाला 10. एक खूस म्हणजे अंदाजे सव्वातीन लिटर, म्हणजे पहिल्या फेरीत प्रत्येक बाजूला जवळजवळ साठ लिटर पाणी गळेपर्यंत बोलायची मुभा. ज्या साक्षीदाराला क्निडॉसपर्यंत येणं जमणार नाही, त्याने आपल्याच शहरातल्या अधिकाऱ्यांसमोर जबानी द्यायची आणि ती मोहोरबंद होऊन कोर्टात जायची. हे वाचताना आपण तेवीसशे वर्षांपूर्वीचं काही वाचतोय असं वाटतच नाही.

मतं पडली ती अशी: दावेदारांच्या बाजूने 78, कॅलिम्नॉसच्या बाजूने 126. शहर सुटलं. दोनशेच्या वर माणसं मत देतात तिथे सगळ्यांचे हात ओले करणं अवघड, आणि मला वाटतं या पद्धतीची खरी ताकद तीच होती. कॅलिम्नॉसने हा मजकूर हौसेने दगडावर कोरून घेतला यात नवल नाही. हरलं असतं तर आपल्याला हे प्रकरण कळलंही नसतं बहुधा.

आता फसलेलं. हे थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. लेप्रिऑन नावाच्या छोट्या शहराचं काही आर्केडियन लोकांशी युद्ध झालं तेव्हा त्यांनी अर्धी जमीन कबूल करून एलिस या शेजारच्या नगरराज्याची मदत घेतली. युद्ध संपल्यावर एलिसने जमीन त्यांच्याकडेच राहू दिली, पण त्या बदल्यात दरवर्षी एक टॅलेंट ऑलिंपियाच्या झ्यूस देवाला द्यायचा असं ठरलं. पुढे अथेन्स-स्पार्टा युद्ध सुरू झालं आणि लेप्रिऑनने युद्धाचं निमित्त करून हप्ते बंद केले. एलिसने बळजबरी केली, लेप्रिऑन स्पार्टाकडे धावलं, प्रकरण स्पार्टाच्या लवादावर गेलं. पण पंच आपल्याला न्याय देणार नाही असा एलिसला संशय आला. त्यांनी लवादातून अंग काढून घेतलं आणि लेप्रिऑनची जमीन उद्ध्वस्त केली. स्पार्टाने तरीही निकाल दिला: लेप्रिऑन स्वतंत्र, चूक एलिसची. आणि निकालामागोमाग शहरात आपले सैनिक नेऊन बसवले. ज्या पंचाला स्वतःलाच त्या मुलखात रस आहे त्याच्यापुढे जाऊन दुसरं काय होणार?

एलिसने उट्टं काढलं ते ऑलिंपिकमध्ये, कारण स्पर्धा त्यांच्याच ताब्यात. इ.स.पू. 420 मध्ये, पवित्र शस्त्रसंधीच्या काळात सैन्य पाठवलं म्हणून त्यांनी स्पार्टाला 2000 मिना दंड ठोठावला, म्हणजे 33 टॅलेंटहून जास्त! मूळ भांडण वर्षाला एका टॅलेंटचं. लेप्रिऑन परत दिलंत तर दंडातला आमचा वाटा सोडतो आणि देवाचा वाटा तुमच्या वतीने आम्हीच भरतो, असंही एलिसने सुचवलं. स्पार्टाने नकार दिला आणि स्पार्टन लोकांना यज्ञात आणि स्पर्धेत बंदी झाली. लिखास नावाच्या स्पार्टनचा रथ त्या वर्षी जिंकला, पण स्पार्टनांना बंदी असल्याने विजय बिओशिया या दुसऱ्या ग्रीक प्रदेशाच्या नावे जाहीर झाला. रथ आपला आहे हे दाखवायला तो मैदानात उतरून सारथ्याला मुकुट घालायला गेला, तर तिथल्या दंडधाऱ्यांनी त्याला झोडपलं.

सावकार लोक यातून शहाणे झाले असावेत, असं नंतरच्या काळातली कर्जखतं पाहून वाटतं. अमॉर्गोस बेटावरच्या अर्केसिनी शहराने नॅक्सॉसच्या प्रॅक्सिक्लीसकडून तीन टॅलेंट घेतले तेव्हा तारण म्हणून शहराची सगळी मालमत्ता लिहून दिली. शिवाय नागरिकांची आणि तिथे राहणाऱ्या बाहेरच्या लोकांची खाजगी मालमत्ताही, जमिनीवरची आणि समुद्रापारचीसुद्धा. पैसे थकले तर शहर खटला हरलेलंच आहे असं धरून प्रॅक्सिक्लीसने मिळेल तिथून वसुली करावी, असं कलम त्यातच घातलेलं आहे.