अहिराणी बंद करू नका

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे, जेमतेम दहा शब्द बोलतो. घरी आम्ही अहिराणी बोलतो, ती बंद करावी का? स्पीच थेरपीत (बोलण्याच्या उपचारात) नेमकं काय करतात?
– एक आई, अमळनेर

उत्तर : अहिराणी मुळीच बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, म्हणून आता थांबू नका. आधी कानांची तपासणी. हाकेला वळतो म्हणून ती टाळू नका, कमी ऐकू येणारी मुलंही वळतात. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. तिथून पुढे पाठवतात.

थेरपिस्ट पहिल्या भेटीत समज, खेळ, खाणाखुणा पाहतात. पुढची सत्रं साधारण अर्ध्या-पाऊण तासाची, बहुधा आठवड्यातून एकदा-दोनदा. वरवर नुसता खेळ वाटेल, पण खरं काम घरीच होतं, तेही रोज. तो ‘गाय’ म्हणाला की तुम्ही ‘गाय उनी’ (गाय आली) म्हणा. वाटी दाखवा, त्याला बोलायला वेळ मिळावा म्हणून मनात दहापर्यंत मोजा. त्याने नुसतं बोट दाखवलं तरी तुम्ही शब्द सांगून वाटी द्या. ‘बोल, बोल’ म्हणून अडवून धरलं की मुलं गप्प होतात. जेवताना मोबाइल बंदच. फरक दिसायला काही महिने लागतात, आणि शब्दांआधी बहुधा नजर नि खुणा वाढतात.