वाचकांचे प्रश्न : यझिदींचे सोवळे-ओवळे

प्रश्न : इराकमधील यझिदी या लहान धर्मसमुदायाचे लोक लेट्यूसची पाने खात नाहीत आणि निळे कपडे घालत नाहीत, असे वाचनात आले. आमच्याकडे चातुर्मासापासून वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ते पुन्हा खाण्यात येते. यझिदींचे निर्बंधही याच प्रकारचे आहेत काय?
– एक वाचिका, चोपडा

उत्तर : साम्य आहे, पण ते वरवरचे. वांग्याचा निर्बंध मुदतीचा असतो; लेट्यूस मात्र परंपरा पाळणाऱ्या यझिदी घरात बाराही महिने वर्ज्य असते. त्यामागची कारणे सांगणाऱ्या कथा अनेक असून त्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे त्या मागाहून रचल्या गेल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते. शिवाय आजची तरुण पिढी या दोन्ही गोष्टी पूर्वीइतक्या काटेकोरपणे पाळत नाही.

खरा गाभा निराळा आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू ही तत्त्वे पवित्र असल्यामुळे जमिनीवर, पाण्यात किंवा विस्तवावर थुंकणे हा दोष मानला जातो. इ.स. ११६२ च्या सुमारास निधन पावलेल्या शेख अदी बिन मुसाफिर या त्यांच्या थोर संताची समाधी असलेल्या, उत्तर इराकमधील लालिशच्या खोऱ्यात सर्वांनी अनवाणी वावरायचे असते आणि तेथील उंबरठ्यावर पाय न ठेवता तो ओलांडून जायचे असते. सैतानाचे नाव तोंडातून काढणे तर पूर्ण निषिद्ध आहे, कारण शेजाऱ्यांनी त्यांच्या ताऊसी मेलेक या मयूररूपी देवदूतालाच सैतान ठरवून शतकानुशतके त्यांचा छळ केला.

यांतील बरेच नियम १८७२ साली कागदावर आले. तेव्हा इराकवर राज्य असलेले उस्मानी (तुर्की) सरकार सक्तीने सैन्यभरती करू लागले, तेव्हा यझिदी प्रमुखांनी तीतून सूट मागणारा चौदा कलमांचा अर्ज देऊन, इतरांच्या फण्या व वस्तरे वापरणे, गडद निळे कपडे घालणे आणि सैतानाची निंदा कानांवर पडणे आपल्या धर्माला का चालत नाही, हे सांगितले. छावणीतल्या जगण्यात जे जे अडेल ते या अर्जात ठळकपणे आले आहे. म्हणून तो संपूर्ण धर्माचे वर्णन समजून वाचू नये.

सर्वांत कडक सोवळे जन्माचे आहे. शेख व पीर (धर्मगुरूंची घराणी) आणि मुरीद (सामान्य भाविक) हे तीन वर्ग आपापसांत लग्ने करत नाहीत, बाहेरच्यास धर्मात प्रवेश नाही आणि परधर्मीयाशी शरीरसंबंध आलेली व्यक्ती समाजाबाहेर जाते. मात्र ऑगस्ट २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने यझिदींची मोठी वस्ती असलेल्या इराकमधील सिंजारवर हल्ला करून हजारो स्त्रिया व मुली गुलाम केल्या, तेव्हा हा नियम तसाच लावला असता तर सुटून आलेल्या प्रत्येकीला घर बंद झाले असते. तत्कालीन धर्मगुरू बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल यांनी त्यांना सन्मानाने परत घेण्याचे आवाहन केले आणि लालिशमधील ‘कानिया स्पी’ या झऱ्याच्या पाण्याने अनेकींचे शुद्धीकरण झाले. मात्र अत्याचारांतून जन्मलेल्या मुलांना २०१९ मध्येही धर्मपरिषदेने स्वीकारले नाही, त्यामुळे कित्येक मातांपुढे मूल की समाज, अशी निवड उरली. या निर्णयाचे समर्थन करणे आम्हांस कठीण वाटते, जरी बापाकडूनही धर्म लाभावा लागतो हा त्यांचा नियम जुनाच असला तरी.

प्रश्न : यझिदी लोक एप्रिलमध्ये लग्ने करत नाहीत, हे खरे आहे काय?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : होय. निसान (त्यांचा एप्रिल) महिना हीच वर्षाची नवरी, म्हणून त्या महिन्यात दुसरी नवरी घरात आणत नाहीत आणि जमीनही नांगरत नाहीत. पूर्वेकडील जुन्या दिनदर्शिकेतील निसानच्या पहिल्या बुधवारी, म्हणजे आपल्या एप्रिलच्या मध्यास, त्यांचे नववर्ष येते. त्या दिवशी अंडी रंगवतात आणि दारावर फुले व अंड्यांची टरफले लावतात. मुहूर्त धरायचा तो निसान संपल्यावर.