येशूवर विश्वास ठेवला की तारण होतं, मग चांगलं वागायची गरज काय?

तुमच्या प्रश्नात दोन माणसं आहेत. एक अंधेरीच्या ऑफिसातला सहकारी. तो म्हणतो, येशूवर विश्वास ठेव, तारण (म्हणजे पापातून सुटका, मोक्ष) झालंच, तुझी पुण्याई कवडीमोलाची. दुसरी तुमची कॅथलिक शेजारीण. ती राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला की, मटण-चिकन बंद करते, बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते आणि रविवारी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची नखं कापते. दोघंही ख्रिस्तीच, मग खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय खाली रागाने लिहिलंय की जन्मभर लोकांना लुबाडून मरताना 'प्रभू' म्हणणारा स्वर्गात आणि सचोटीने जगलेले माझे आजोबा बाहेर, हा कुठला न्याय?

माझं माहेर भायखळ्याचं, मराठी मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे हा वाद आमच्या जेवणाच्या टेबलावर सोळाव्या शतकापासून चालू आहे. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण दोन्ही बाजू पुष्कळ ऐकल्यात.

'प्रोटेस्टंट म्हणजे विश्वास, कॅथलिक म्हणजे कर्म' ही वाटणी मुंबईत दोन्हीकडचे लोक सर्रास सांगतात. ती चुकीची आहे. स्वतःच्या सत्कर्मांवर स्वर्ग कमावता येतो असं कोणतंच मोठं चर्च शिकवत नाही. पेलाजियस नावाच्या एका साधूची शिकवण त्या वळणाची होती. माणूस मनात आणलं तर स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असं तो म्हणे. संत ऑगस्टीनने त्याच्याशी वाद घातला आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरला उत्तर द्यायला कॅथलिक चर्चने ट्रेंटची परिषद भरवली. तिने 1547 साली या विषयावर जो ठराव केला, त्याचं पहिलंच कलम असं आहे की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो, असं म्हणणारा चर्चबाहेर. हे मी माहेरी वाचून दाखवलं तेव्हा आईचा विश्वास बसेना.

माहीमचा नोव्हेना किंवा माउंट मेरीला वाहिलेले मेणाचे हातपाय हा वेगळा विषय आहे, तो यात मिसळू नका. तो नवस. गुडघा बरा होऊ दे, घर होऊ दे, पोराचा व्हिसा होऊ दे. बांद्र्याच्या जत्रेत मेणाचं घर वाहणाऱ्यांत निम्मे तर ख्रिस्तीच नसावेत. तारणाचा प्रश्न असा आहे: देव मला कशाच्या आधारावर आपलं म्हणतो?

या प्रश्नावर बायबलमध्येच दोन आवाज आहेत. प्रेषित पौल रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहितो की माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहितो की माणूस कृत्यांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. इतकं समोरासमोर. वर दोघंही साक्षीदार एकच काढतात, अब्राहाम! पौल बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो: अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला आणि तेच त्याचं नीतिमत्त्व गणलं गेलं. तेव्हा त्याची सुंताही झाली नव्हती, ती सतराव्या अध्यायात. याकोब बाविसावा अध्याय उघडतो: अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवायला निघाला, तिथे त्याचा विश्वास पूर्ण झाला.

मला नेहमी वाटतं की दोघांना एका खोलीत बसवलं असतं तर भांडण झालंच नसतं, कारण त्यांच्यापुढची माणसं वेगळी होती. पौलासमोर प्रश्न होता की जे यहूदी नाहीत, त्यांनी ख्रिस्ताकडे येताना आधी सुंता, खाण्यापिण्याचे नियम, सणवार हे सगळं अंगावर घ्यायचं का? गलतीयातल्या मंडळीत नेमकं हेच सांगणारे शिरले होते. पौल कडाडून म्हणतो, नाही. देवाच्या दारात पात्रतेचा दाखला मागितला जात नाही. जात, कूळ, विधी यांची पुंजी घेऊन कोणी आत येत नाही. हे महाराष्ट्रात वाचताना काय ऐकू येतं, ते वेगळं सांगायला नको. आमच्याकडे मराठी मंडळ्यांत जे लोक आले, त्यांतल्या अनेकांना देवळाच्या पायरीवर कोणी उभंही करत नव्हतं. पौलाचं हे वाक्य त्यांनी वाद म्हणून वाचलं नसणार.

याकोबासमोर मात्र आत येऊन बसलेले लोक आहेत. सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा, फाटक्या कपड्यातल्याला 'तिथे उभा राहा'. उपाशी, उघड्या भावाला ते म्हणतात, सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा, आणि देत काहीच नाहीत. अशांना तो विचारतो, हा विश्वास काय कामाचा? देव एक आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसतं मान्य करणं पुरत असतं तर सैतानाचंही तारण झालं असतं. पौलाला हे अमान्य आहे का? मुळीच नाही. गलतीकरांच्याच पत्रात तो लिहितो की महत्त्व आहे ते प्रीतीतून काम करणाऱ्या विश्वासाला. इफिसकरांच्या पत्रात तर आधी सांगतो की तारण कृपेने, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी फुशारकी मारायला नको, आणि लगेच पुढच्या ओळीत: आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलंय. तुमचा सहकारी बहुधा आठवी-नववी ओवी पाठ म्हणतो आणि दहावीच्या आधी थांबतो. त्याला दहावी वाचायला सांगा.

लूथरचंही असंच अर्धवट सांगितलं जातं. पापाची शिक्षा माफ करणारी पत्रकं पैसे घेऊन वाटली जात होती, त्यावर 1517 साली तो उसळला. 1522 च्या जर्मन नव्या करारात त्याने पौलाच्या वाक्यात 'केवळ' हा शब्द स्वतःहून घातला आणि याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं, म्हणजे कस नसलेलं, पत्र म्हटलं. हे दोन्ही खरं. पण त्याच सुमारास रोमकरांच्या पत्राच्या प्रस्तावनेत तो लिहितो की विश्वास ही जिवंत, सतत कामात गढलेली गोष्ट आहे, तिच्या हातून चांगलं न घडणं अशक्य. सत्कर्मं करावीत का हे ती विचारत बसत नाही, विचारण्याआधीच करून मोकळी होते.

मग उरलेला फरक काय? आपल्याकडे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत, म्हणजे रामानुजांच्या पंथात, मार्जारन्याय आणि मर्कटन्याय असा जुना वाद आहे. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, पिलू काहीच करत नाही. माकडाचं पिलू मात्र आईच्या पोटाला स्वतः घट्ट पकडून असतं. लूथरचे लोक मांजरीच्या बाजूचे. कॅथलिक म्हणतात, पिलाने पकडायचं असतं, पण पकडायचं बळही आईनेच दिलेलं असतं. माझ्या नवऱ्याच्या भाषेत, देव हात पुढे करतो, तो आपण झिडकारूही शकतो. म्हणून त्याच्याकडे कन्फेशन (पापांची कबुली), मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), उपास यांना वजन आहे. नीतिमान ठरणं हा त्यांच्या लेखी एका क्षणाचा निकाल नाही, आयुष्यभर आत चालू राहणारं काम आहे. माझ्या माहेरी निकाल आधी लागतो आणि पवित्र होत जाणं त्याच्या मागून येतं.

हा फरक खरा आहे, पण चारशे वर्षं एकमेकांना चर्चबाहेर काढण्याइतका आहे का, हे शेवटी त्यांनीही तपासलं. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात दोघं मिळून कबूल करतात की देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेनेच, आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही, आणि तोच आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी तयार करतो. 2006 साली मेथडिस्ट त्यात आले, 2017 साली रिफॉर्म्ड मंडळ्याही, हे दोन्ही प्रोटेस्टंटांतलेच पंथ. ही बातमी मुंबईतल्या किती चर्चांत पोचली, देव जाणे. आमच्या घरात तरी ती मीच आणली.

सिद्धांत पुरे झाला, आता एक माणूस घ्या. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1889 साली इथे मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला नेलं. कर्मांच्या हिशेबाने पाहिलं तर त्यांचं पारडं केव्हाच भरलं होतं. तरी त्या नंतर स्वतःच्या साक्षीत सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपलं तारण आपण केलेल्या कशावर अवलंबून नाही, हे उमगलं तेव्हा कुठे त्यांना शांती मिळाली. आता तुमच्या सहकाऱ्याच्या तर्काने त्यांनी निवांत बसायला हवं होतं. पण 1896-97 चा दुष्काळ पडला आणि त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मरणाऱ्या बायका-मुली घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं. माझ्या मते भीती आणि हिशेब सुटला की माणूस असाच कामाला लागतो. देवाकडून आपल्याला आणखी काही कमवायचं उरत नाही, मग समोरची दुष्काळातली पोर ही आपल्या पुण्याचं साधन राहत नाही. ती पोर म्हणूनच दिसायला लागते. कृपेच्या शिकवणीची मला सगळ्यात आवडणारी बाजू हीच.

आता तुमचा राग. शेवटच्या क्षणी 'प्रभू' म्हणणाऱ्याचं काय? होय, येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराला तो म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्याला उपास, दानधर्म, बाप्तिस्मा, कशालाच वेळ नव्हता. पण तिथेही तो गुन्हेगार आपल्या सोबत्याला सांगतो की आपल्याला मिळतंय ते आपल्या कर्माचंच फळ आहे, याने मात्र काही वाईट केलेलं नाही. ही युक्ती नव्हे. शेवटच्या घटकेसाठी पाप राखून ठेवणारा माणूस याच्या जागी बसत नाही, कारण त्याचा विश्वास देवावर नसतो, स्वतःच्या वेळापत्रकावर असतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात एक मळेवाला आहे. तो पहाटे, दुपारी आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना मजूर आणतो आणि सगळ्यांना सारखाच रोज देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. तुमचा राग त्यांचाच आहे, आणि प्रामाणिकपणे सांगते, तो मलाही येतो. मळेवाल्याचं उत्तर एवढंच की तुमचं ठरलेलं मी कापलेलं नाही, मी उदार आहे हे तुम्हाला खुपतं का?

आणि आजोबा. तुम्ही खरं तर एवढंच विचारलंय, बाकी सगळं त्याच्यासाठी. इथे ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही. तुमच्या सहकाऱ्यासारखे बरेच जण म्हणतील, ख्रिस्ताचं नाव घेतल्याशिवाय नाही. कॅथलिक चर्चने 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कळलेलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने सदसद्विवेकाप्रमाणे वागायचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. शब्द नीट पाहा, तिथेही कृपा आधी आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. तेव्हा ती माणसं गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं? आपण कोणासाठी काही केलंय, याचा त्यांना पत्ताच नसतो. तुमचे आजोबा त्या रांगेत असू शकतात असं मी धरून चालते. माझ्या आईला हे पटत नाही. ती त्यांच्यासाठी प्रार्थना करीन म्हणाली, म्हणून तुम्ही नाव कळवलंत तर तिला सांगेन.