पत्रास कारण : धाकटीचं नाव पाचदा

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते, नोकरी करते. मला दोन मुली. मोठी नववीत, धाकटी तिसरीत. धाकटी भरतनाट्यम शिकते, फार गोड नाचते. डिसेंबरच्या कार्यक्रमात तिला सगळ्यात पुढे उभं केलं होतं. ती घरात आली की घर भरून जातं. मोठी अबोल आहे, अभ्यासात बरी. रंगानं तिच्या बाबांवर गेली, म्हणून लाडानं आम्ही तिला 'कोळसाबाई' म्हणतो, तीही हसते. सुटीत मावसभावाच्या लॅपटॉपवर तिनं 'वेलकम टू द डॉलहाउस' नावाचा इंग्रजी सिनेमा पाहिला आणि रात्री मला म्हणाली, ''आई, ही मी आहे.'' मी दुसऱ्या दिवशी तो पाहिला आणि हादरलेच. त्यातली मुलगी झोपलेल्या बहिणीवर हातोडा उगारून उभी राहते! आणि ती आई! मी तशी आई नाही हो. लहान मुलांवर एवढा काळा सिनेमा काढावाच काहून? मोठीच्या मनात धाकटीचा इतका हेवा कुठून आला? तिला समुपदेशकाकडे न्यावं, की वयाचा भाग म्हणून सोडून द्यावं?
— एक आई

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मास्तरकीची सवय, पत्र आलं की पेन्सिल हातात येते. या सदरात आम्ही मुलांची नावं छापत नाही, म्हणून तुमच्या पत्रातलं धाकटीचं नाव मी पाच ठिकाणी खोडलं. मोठीचं खोडावं लागलं नाही. ते पत्रात कुठं नव्हतंच.

रागावू नका. तुम्ही त्या सिनेमातल्या आईसारख्या नाहीत हे मला मान्य आहे. ती आई लेकीच्या वाटचा चॉकलेट केक बाकीच्या दोघांना वाटून देते, तुम्ही तसं करणार नाही. तुम्ही दोघींना सारखी बर्फी देत असाल, सारखे कपडे घेत असाल. पण पोरं वाटणी ताटात मोजत नाहीत. आपलं नाव घेताना आईचा आवाज कसा होतो, तिथं मोजतात.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टॉड सोलोंझ या दिग्दर्शकाचा हा सिनेमा, 1996 साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. न्यू जर्सीतलं मध्यमवर्गीय घर. नायिका डॉन वीनर सातवीत शिकते, तिला जाड चष्मा आहे आणि कपडे विचित्र. थोरला भाऊ हुशार, कॉलेजच्या अर्जावर बरं दिसावं म्हणून गॅरेजमध्ये बँड वाजवणारा. धाकटी मिसी गुलाबी झग्यात बॅले नाचते आणि आईचा जीव तिच्यात. मधली डॉन कोणाचीच नाही. शाळेत तिच्या आडनावावरून 'वीनरडॉग' म्हणून चिडवतात. हे काम हेदर माताराझो या मुलीनं केलं, तेव्हा ती स्वतः जेमतेम त्याच वयाची होती. खांदे पाडून चालणारी असली पोर आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षी एक तरी असायचीच. मी हा सिनेमा वीसेक वर्षांपूर्वी धरमपेठेतल्या एका दुकानातून भाड्यानं आणलेल्या सीडीवर पाहिला. अर्ध्यात बंद केला, चहा केला आणि मग उरलेला पाहिला.

तुम्हाला हातोडा दिसला. मला तुम्ही त्याच्या आधीची पाच मिनिटं पुन्हा पाहायला सांगते.

आईबाबांच्या लग्नाचा विसावा वाढदिवस. पार्टीसाठी अंगण मोकळं हवं म्हणून डॉनचं अंगणातलं क्लबघर पाडायचं ठरतं. तिथं ती आणि शेजारचा एक तिच्यासारखाच चिडवला जाणारा पोट्टा, दोघांचा मिळून एक क्लब असतो. ती नाही म्हणते, तर भाऊ-बहिणीकडून ते पाडून घेतात. केक जातो तो याच वेळी. पार्टीत मिसी तिला लहान मुलांच्या प्लास्टिकच्या हौदात ढकलते. रात्री सगळं कुटुंब टीव्हीपुढे बसून पार्टीची व्हिडिओ कॅसेट पाहतं. पडद्यावर डॉन पाण्यात पडते आणि सगळे हसतात. त्या हसण्यात दुष्टावा नाही. आपल्याकडे मामाच्या लग्नाचा व्हिडिओ लावून 'ते बघा, आत्या पंगतीत घसरली' म्हणून हसतात, तस्संच. फक्त डॉन हसत नाही. घर झोपल्यावर ती ती कॅसेट चोरते आणि हातोड्यानं फोडते. मग तोच हातोडा घेऊन बहिणीच्या पलंगाशी जाते. आणि तो खाली येत नाही.

हातोडा खरोखर चालला तो हसण्यावर, बाई. बहिणीशी ती नुसती पाहत उभी राहते. म्हणून 'कोळसाबाई' म्हटल्यावर तीही हसते, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला त्या हातोड्याहून जड वाटलं. दुसरं काय करील ती? रडली तर 'एवढं काय लागलं तुला', रुसली तर 'थट्टासुद्धा कळत नाही'. हसणं त्यातल्या त्यात स्वस्त पडतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचं घर नागपूरच्या महाल भागात, जुना वाडा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण, गोरी, कुरळ्या केसांची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन गोष्टी असतात. सकाळी मारबतींची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, पिवळी आणि काळी, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा ओरडा. आणि संध्याकाळी तान्हा पोळा, पोरांचा, लाकडी नंदी घेऊन घरोघरी जायचा. माझे चुलत भाऊ मला काळी मारबत म्हणायचे. तिला शहराबाहेर नेऊन जाळतात, हे नागपूरच्या पोराला सांगावं लागत नाही. मी हसायची.

एका वर्षी आजोबांनी लाकडी नंदी आणला, दोघींत मिळून एक. कासरा बहिणीच्या हाती, कारण ती दिसायला गोड, तिला बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे, जास्त मिळेल. माझ्या हाती पैशांची थैली. आदल्या रात्री मी माळ्यावर जाऊन नंदीच्या मागच्या चाकाची खुंटी दातानं ओढून काढली आणि चाक गव्हाच्या कोठीत खुपसलं. सकाळी बहिणीनं वाडा डोक्यावर घेतला. काकांनी सुताच्या रिकाम्या रिळाचं चाक बसवून दिलं. मग काय, लंगडत चालणारा नंदी! गल्लीत लोक हसून बेजार, आणि कधी नव्हे तेवढा बोजारा तिला मिळाला. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. आज मागं पाहते तेव्हा वाटतं, मला सापडायचं होतं. कोणीतरी कान धरून 'तूच ना ग?' म्हणायला हवं होतं. चोरी पकडायलाही माणूस आपल्याकडं बघत असावा लागतो.

सिनेमात पुढं हेच घडतं, फार वाईट रीतीनं. बाबांची गाडी बंद पडते, आईला त्यांना आणायला जायचं असतं. बॅलेच्या क्लासमधून दुसऱ्या कोणासोबत ये, एवढा निरोप डॉननं मिसीला द्यायचा. दोघींचं भांडण होतं, ती निरोप देत नाही. मिसी पायी निघते आणि तिला कोणीतरी पळवून नेतं. पोरांचे गुन्हे खुंटीएवढेच असतात, त्यापुढचं त्यांच्या हातात नसतं. डॉन बहिणीला शोधायला एकटी न्यूयॉर्कला जाते, दिवसभर फिरते, घरी फोन करते तर भाऊ सांगतो, सापडली. जिचा हेवा वाटतो तिच्यासाठी ती दिवसभर पायपीट करते. हेवा म्हणजे प्रेमाचा अभाव, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही ते.

डॉन बिचारी आहे म्हणून चांगली आहे, असंही हा सिनेमा म्हणत नाही, आणि मला तो आवडतो तो त्यासाठीच. शाळेत ऐकलेली शिवी ती घरी येऊन मिसीला देते. आपल्या एकुलत्या एका मित्रालाही तोडून बोलते. जे मिळतं तेच पुढं वाढते. काळा सिनेमा काहून काढावा, याचं माझं उत्तर एवढंच. गोड सिनेमात चष्मेवाल्या मुलीचा चष्मा शेवटी काढतात आणि ती सुंदर निघते. ते पाहून चष्मेवालीनं घरी काय करावं? तुमची मुलगी तुमच्याकडे येऊन 'ही मी आहे' म्हणाली, ती असं काही पाहिल्यामुळेच. चौदाव्या वर्षी एवढं वाक्य आईपाशी बोलता येणं सोपं नसतं. मला नाही आलं.

आता जरा घाईचं. 'ही मी आहे' म्हटल्यावर तुम्ही थेट बहिणीवर गेलात. पण त्या सिनेमात बहिणीपेक्षा शाळाच जास्त आहे. डब्याच्या वेळी बसायला कोणी जागा देत नाही, बाकीच्या पोरी घेरतात, एक मुलगा तर बळजबरी करण्याची धमकी देतो. तुमची लेक यातलं कोणतं 'मी' सांगत होती, हे विचारलंत का? या आठवड्यात विचारा. धाकटी नृत्याच्या क्लासला गेलेली असताना. 'शाळेत कोणी त्रास देतं का' असं विचारू नका, 'नाही' असं एका शब्दात उत्तर येतं. 'डबा कोणासोबत खाते?' असं विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर मधे बोलू नका. सिनेमा तिच्यासोबत पुन्हा पाहिलात तरी चालेल. अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबत पाहावा असा. तिनं एकटीनं पाहिला, झालं ते झालं. आता सोबत बसा.

समुपदेशकाकडं न्यायचं का? ती जेवेनाशी झाली, शाळा टाळू लागली, झोप उडाली, 'मी नसते तर बरं' असं काही बोलली, तर एक दिवसही थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शाळेत किंवा बाहेर कोणी अंगाला हात लावण्यापर्यंत गेलं असेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन. यातलं काही नसलं तरी समुपदेशकाकडं जायला हरकत नाही. पण 'हिला दाखवायला आणलं' असं होऊ देऊ नका. तुम्ही आणि तिचे बाबा आधी जा.

तुमच्या घरात येणारं कोणीतरी 'मोठ्यांचं असंच असतं, पहिल्याचं सिंहासन गेलं की चालायचंच' असं सांगेल. हे मूळ मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांचं, न्यूनगंडाची कल्पना रुजवणारे तेच. माणूस मोठा, पण जन्मक्रमानं स्वभाव ठरतो ही गोष्ट पुढं फारशी टिकली नाही. 2015 साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांवर लोकांची माहिती तपासली, तेव्हा स्वभावावर जन्मक्रमाचा जवळजवळ काही परिणाम दिसला नाही. तेव्हा 'मोठी आहे म्हणून' हे कारण खिशात ठेवा. धाकटीकडं जास्त लक्ष जातं तेव्हा ते का जातं, हे मोठीला सांगितलेलं असावं आणि तिला पटलेलं असावं. तिला पटलं तर ती सोसते. बोचतं ते न सांगितलेलं.

'कोळसाबाई' आजपासून बंद. तशी घोषणा करू नका, माफीचा कार्यक्रम करू नका, पोरींना फार संकोच वाटतो. नुसतं नावानं हाक मारा. आजी, आत्या, मावसभाऊ यांना मात्र फोन करून स्पष्ट सांगा, आणि 'एवढं काय त्यात' म्हणाले तर त्यांचं शाळेतलं टोपणनाव विचारा. रविवारी सकाळी तिला एकटीला घेऊन तर्री पोहे खायला जा. तिथं अभ्यासाचं काढू नका. धाकटीचं तर नकोच.

आणि धाकटीबद्दल एक. सिनेमात मिसी खलनायिका नाही, ती आठ-नऊ वर्षांची पोर आहे, आईनं ठेवलं तिथं नाचते. माझ्या बहिणीनं पन्नाशीत मला विचारलं, ''चाक तूच काढलं होतंस ना व?'' मी म्हटलं, काहून, कोण म्हणालं? ती म्हणाली, ''मला तेव्हाच माहीत होतं. सांगितलं असतं तर तुला मारलं असतं सगळ्यांनी.'' चाळीस वर्षं मी समजत होते की त्या वाड्यात मला कोणी पाहिलंच नाही.

शेवटचं तुमच्यासाठी नाही, तुमच्या खांद्यावरून वाचून राहिली असेल तिच्यासाठी. पोरी, सिनेमाबद्दल तुला काय वाटलं ते मला वेगळ्या पत्रात लिही. आईला न दाखवता पाठवलंस तरी चालेल, छापणार नाही. मार्क, इयत्ता, धाकटीचा नाच, काही लिहू नकोस. फक्त वर तुझं नाव लिही. मला अजून ते माहीत नाही.