वर्षभरात पिवळाच बेल्ट, म्हणजे मुलगा मागे पडला का?

ताई, शेजारचा कराटेवाला वर्षात हिरव्यावर पोचला आणि तुमचा अजून ज्युदोच्या पिवळ्यावरच, म्हणून क्लास बदलायचा म्हणताय. थांबा जरा. दादरला वीसेक वर्षं मॅटवर आपटून घेतोय, त्या हक्काने सांगतो.

मुळात या दोन रंगांची तुलनाच होत नाही. गंमत अशी की बेल्टची पद्धत कराटेने ज्युदोकडूनच उचलली. जिगोरो कानोंनी १८८२ साली ज्युदो सुरू केला. रंगीत बेल्ट मात्र बरेच नंतरचे आणि युरोपातले. पॅरिसला शिकवणाऱ्या कावाईशींनी १९३०च्या दशकात ते रुळवले. जपानात आजही पुष्कळ मोठी माणसं काळा मिळेपर्यंत पांढराच बांधतात.

आपल्याकडचा नेहमीचा क्रम: पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा. काळ्याआधीच्या पायऱ्या म्हणजे क्यू, त्या उलट्या मोजतात, पहिला क्यू सगळ्यात वरचा. मग काळ्या बेल्टच्या पायऱ्या, म्हणजे दान. त्यातला पहिला दान म्हणजे शोदान. यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात! पुढे सहाव्या दानपासून लाल-पांढरा आणि नवव्यापासून लाल, पण ते आत्ता सोडा.

पिवळ्यावर मी एकच बघतो, पोराला पडता येतं का. एकदा क्लासला बसून बघा. कोणी फेकलं की हनुवटी छातीकडे जाते का, डोकं मॅटला न लागता हाताचा फटका वाजतो का? हे अंगात मुरायला वर्ष लागलं तर लागू दे.

माझ्या पुतण्याच्या क्लासात दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी, नवा बेल्ट. दीड वर्षात निळा, घरात पेढे. स्पर्धेत जोड्या लागतात वयावर आणि वजनावर, रंगावर नाही. समोर आला पिवळा बेल्टवाला, त्याने ओसोतो-गारी मारली, म्हणजे बाहेरून पाय उडवून मागे पाडायचा डाव. आमचा हात टेकवून पडला, आणि सुजलेलं कोपर घेऊन लोकलने घरी. पडायचं कसं हे कोणी नीट घोटून घेतलंच नव्हतं.

तेव्हा सरांना सरळ विचारा, "नारिंगीसाठी याचं काय राहिलंय?" उत्तरात डावांची नावं आली, डावी बाजू कच्ची आहे वगैरे ऐकू आलं, तर निर्धास्त राहा. नुसती परीक्षेची तारीख आणि फी सांगितली, तर मात्र दुसरा क्लास शोधू.