वाचकांच्या शंका: तेवीस रेपॉझिटरी आणि एक टर्मिनल

(कमांड इथं देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायच्या. जिथं मोठी अक्षरं लागतात तिथं तसं सांगितलं आहे. गिट म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि रेपॉझिटरी म्हणजे अशा नोंदीसह ठेवलेलं फाइलींचं फोल्डर.)

प्रश्न : आम्ही फाउंड्रींसाठी हजेरी, माल आवक-जावक, बिलं असं सॉफ्टवेअर करतो. त्याच्या २३ गिट रेपॉझिटरी झाल्या आहेत. सकाळी आल्या आल्या एकेका फोल्डरात जाऊन गिट पुल करायचं, त्यात एखादं राहून जातं आणि दुपारी बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) फुटतो. एका कमांडमध्ये सगळं होईल का?
– एक प्रोग्रॅमर, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : होईल. त्यासाठी 'मायरेपोज' हे साधन घ्या, त्याची कमांड आहे 'एमआर'. उबंटूवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल मायरेपोज' म्हटलं की ते बसतं. मग प्रत्येक फोल्डरात एकदाच 'एमआर रजिस्टर' द्यायचं. होम फोल्डरातल्या 'डॉट एमआरकॉन्फिग' फाइलीत त्या रेपॉझिटरीचा पत्ता आणि क्लोनची (सर्व्हरवरून पूर्ण प्रत उतरवायची) कमांड आपोआप लिहिली जाते. ही फाइल नव्या मशीनवर ठेवून 'एमआर चेकआउट' दिलं की तेवीसच्या तेवीस रेपॉझिटरी उतरतात. नवा मुलगा कामावर रुजू झाला की त्याचा पहिला दिवस यानं वाचतो.

रोजच्या कामात मात्र आमचं एक ठाम मत आहे : आणायचं सगळं एकदम, मिसळायचं बघून. म्हणजे सकाळी आधी 'एमआर -जे५ फेच', मग 'एमआर स्टेटस'. -जे५ म्हणजे एका वेळी पाच रेपॉझिटरींवर काम. फेच सर्व्हरवरचे बदल फक्त आणून ठेवतं, तुमच्या फाइलींना हात लावत नाही. स्टेटसमध्ये कमिट न केलेले (गिटमध्ये नोंद न झालेले) बदल तर दिसतातच, शिवाय ज्या ब्रँचवरचे (कामाच्या वेगळ्या फांदीवरचे) कमिट सर्व्हरवर ढकलायचे राहिले तीही दिसते. त्यानंतरच 'एमआर -जे५ अपडेट'.

अपडेटची मूळ व्याख्या साधं गिट पुल अशी आहे. कुणाचे लोकल कमिट पडून असतील, तर गिटच्या सेटिंगनुसार ते मर्ज कमिट (दोन वाटा जोडणारा कमिट) तयार करून मोकळं होऊ शकतं. म्हणून 'डॉट एमआरकॉन्फिग'च्या वरच्या भागात, मोठ्या अक्षरांतल्या 'डिफॉल्ट' या शीर्षकाखाली 'गिट_अपडेट = गिट पुल --एफएफ-ओन्ली' ही ओळ घाला. आता वाटा फुटलेली रेपॉझिटरी जागच्या जागी थांबते आणि शेवटच्या ओळीत '२१ ओके. २ फेल्ड' असा हिशोब येतो. त्या दोन हातानं सोडवा.

दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. एमआर ज्या फोल्डरात चालवाल, त्याच्या खालच्याच रेपॉझिटरी बघतं. एखाद्या रेपॉझिटरीच्या आत उभं राहून अपडेट दिलंत तर तेवढी एकच अपडेट होईल, आणि सगळं झालं असं वाटत राहील. दुसरं म्हणजे -जे२३ देऊ नका. गिटला सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या ओपनएसएसएच सर्व्हरची मूळ मर्यादा १०:३०:१०० अशी असते : लॉगिन पुरं न झालेली १० कनेक्शन साचली की पुढची ३० टक्के दरानं नाकारायला सुरुवात होते, १०० झाली की सगळीच. म्हणून रोज वेगळीच रेपॉझिटरी 'कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट' म्हणते आणि दोष इंटरनेटवर जातो. ४ किंवा ५ पुरेत.

बिल्ड फुटण्याचं मूळ मात्र कदाचित वेगळं असेल. बिलांची रेपॉझिटरी आजची आणि हजेरीची परवाची, हे एमआरला कळत नाही. कुठल्या रेपॉझिटरीची कुठली आवृत्ती कुणाबरोबर चालते याची नोंद हवी असेल, तर अँड्रॉइडसाठी गूगलनं केलेलं 'रेपो' हे साधन बघा. त्यात सगळ्या रेपॉझिटरींची यादी एका एक्सएमएल मॅनिफेस्टमध्ये असते. 'रेपो सिंक -सी -जे४' नं सगळं येतं. गिऱ्हाइकाकडे आवृत्ती पाठवायच्या दिवशी 'रेपो मॅनिफेस्ट -आर -ओ' आणि पुढे फाइलीचं नाव दिलं, की प्रत्येक रेपॉझिटरीचा नेमका कमिट क्रमांक त्या फाइलीत गोठतो. सहा महिन्यांनी तक्रार आली तरी तोच संच पुन्हा उभा करता येतो.

याचा एक काटा आहे. सिंकनंतर तुम्ही कुठल्याच ब्रँचवर नसता. तिथंच कमिट केलं आणि पुढचं सिंक झालं की काम गेल्यासारखं दिसतं. काम सुरू करण्याआधी 'रेपो स्टार्ट', ब्रँचचं नाव, मग '--ऑल' असं द्या. चूक होऊन गेली असेल तर 'गिट रिफ्लॉग'मध्ये तो कमिट शोधून त्यावर ब्रँच काढा. मूळ सेटिंगमध्ये अशा सुट्या कमिटची नोंद ३० दिवस टिकते.

प्रश्न : गावी घरून काम करते. पावसाळ्यात लाइट जाते, नेट तुटतं, आणि मोठा क्लोन ७०-८० टक्क्यांवर येऊन पुन्हा शून्यापासून सुरू होतो.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : गिटचा क्लोन तुटल्या जागेपासून पुढे चालू होत नाही. म्हणून घास लहान करा. आधी 'गिट क्लोन --डेप्थ १' आणि पुढे पत्ता, म्हणजे फक्त ताजा कमिट येतो. मग मागचे कमिट थोडे थोडे आणायला 'गिट फेच --डीपन=२००' पुन्हा पुन्हा. पुरा झालेला प्रत्येक फेच पक्का जमा होतो. शेवटी 'गिट फेच --अनशॅलो'. डेप्थ दिलं की फक्त मुख्य ब्रँच येते, बाकीच्या हव्या असतील तर '--नो-सिंगल-ब्रँच' जोडा. '--फिल्टर=ब्लॉब:नन' हा पर्याय वेगानं उतरतो, पण जुन्या फाइली लागतील तेव्हा मागवतो. नेट नसताना ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते) बघायला गेलात की अडकलात.

याहून चांगला उपाय पेनड्राइव्हचा. बेळगावच्या ऑफिसात, अद्ययावत रेपॉझिटरीत 'गिट बंडल क्रिएट बिल.बंडल --ऑल' द्या. पूर्ण इतिहास एका फाइलीत येतो. 'गिट बंडल व्हेरिफाय'नं ती तपासून घ्या. घरी 'गिट क्लोन बिल.बंडल', मग 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' आणि खरा पत्ता, आणि एक फेच. नेटवरून फक्त उरलेला फरक येईल. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीची एक फाइल त्यावर मावत नाही, तो एक्सफॅट करून घ्या.

लाइट जाऊन आल्यावर 'इंडेक्स.लॉक' फाइल आधीच आहे असं गिट म्हणालं, तर दुसरं कुठलं गिट चालू नाही याची खात्री करून 'डॉट गिट' फोल्डरातली तेवढी एक फाइल काढा. अख्खं 'डॉट गिट' फोल्डर काढू नका, पुश न केलेलं सगळं काम त्यातच असतं.

प्रश्न : साखर कारखान्यासाठी मराठी-कन्नड सॉफ्टवेअर करतो. 'शेतकऱ्यांची-यादी' नावाची फाइल स्टेटसमध्ये नुसत्या आकड्यांत दिसते. शिवाय त्याच नावाच्या दोन फाइली झाल्यात!
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : आकडे ही बिघाडाची खूण नव्हे. 'श' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) तीन बाइटांचं, ते गिट '\३४०\२४४\२६६' असं दाखवतं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' दिलं की नाव वाचता येतं.

दोन फाइलींचं कारण त्या 'ऱ्या'त आहे. 'ऱ' युनिकोडमध्ये एक सबंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असाही. डोळ्याला दोन्ही सारखेच. मॅकवर जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर नाव फोडून साठवलं जातं, लिनक्स जसं दिलं तसं ठेवतं. कन्नडमधल्या दीर्घ ईकार, एकार, ओकाराच्या खुणाही अशाच फुटतात. मॅकवर 'कोअर.प्रीकंपोझयुनिकोड ट्रू' हवं. तिसरा प्रकार म्हणजे र, हलंत आणि अदृश्य जोडणारं चिन्ह. काही कीबोर्ड तसं टाइप करतात, आणि ते या सेटिंगनं जुळत नाही.

कोणती फाइल कशी आहे हे ओळखायला आता तेच आकडे उपयोगी पडतात. 'गिट -सी कोअर.कोटपाथ=ट्रू एलएस-फाइल्स' चालवा. '३४० २४४ २६१' म्हणजे सबंध 'ऱ'. '३४० २४४ २६०'च्या लगेच पुढे '३४० २४४ २७४' आलं तर फोडलेला. आतला मजकूर ताडून एक फाइल 'गिट आरएम'नं काढा. आमचा आग्रह असा, की फाइलींची नावं रोमन ठेवा आणि मराठी-कन्नड मजकूर आत बिनधास्त लिहा.

प्रश्न : ऑफिसच्या रेपॉझिटरीत माझा घरचा ईमेल जातोय.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ऑफिसच्या सगळ्या रेपॉझिटरी 'ऑफिस' नावाच्या एका फोल्डराखाली ठेवा. होम फोल्डरातल्या 'डॉट गिटकॉन्फिग'च्या अगदी शेवटी 'इन्क्लूडइफ' विभाग घाला. त्याची अट 'गिटडिर:~/ऑफिस/' आणि पाथ म्हणून ऑफिसचा ईमेल लिहिलेली वेगळी फाइल. ही सोय गिट २.१३ पासून आहे. अटीतली शेवटची तिरकी रेघ विसरलात तर आतली फोल्डरं जुळत नाहीत. विभाग वर घातलात तर खालचा घरचा ईमेल त्यावर चढतो, कारण गिट शेवटची किंमत धरतं. मग 'एमआर रन गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन यूझर.ईमेल' चालवा, म्हणजे कुठल्या रेपॉझिटरीत कुठल्या फाइलीतून कुठला ईमेल येतो ते एका पडद्यावर दिसेल. जुन्या कमिटांमधला ईमेल मात्र यानं बदलत नाही.