ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी स्त्रियांची चित्रं म्हणजे नुसते ठिपकेच का? प्रदर्शनात ती पाहायची कशी?

नुसते ठिपके नाहीत. एमिली काम कुंग्वारे या आदिवासी चित्रकर्तीचंच बघा. मध्य ऑस्ट्रेलियातल्या युटोपिया भागात त्यांचं सारं आयुष्य गेलं. १९७७ च्या सुमारास तिथल्या बायका बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याची कला, शिकल्या, त्यांत त्याही होत्या. कॅनव्हास हातात आला तो १९८८ च्या अखेरीस, वयाची सत्तरी उलटल्यावर! १९९६ मध्ये त्या गेल्या. मधल्या आठ वर्षांत त्यांनी अक्षरशः हजारो चित्रं काढली.

मेलबर्नच्या संग्रहालयातलं त्यांचं १९९५ चं एक चित्र सुमारे ३ मीटर उंच आणि ८ मीटर रुंद आहे. त्यात एकही ठिपका नाही. काळ्याभोर पृष्ठभागावर पांढऱ्या रेषा वळत, एकमेकींत गुंतत जातात. त्या एका रानकंदाच्या जमिनीखालच्या मुळ्या आहेत. कंद पोसला की वरची माती तडकते, आणि बायका त्या भेगा बघून खणतात. ‘काम’ हे त्यांचं नावही याच कंदाच्या बियांवरून आलंय. विधीच्या वेळी बायका छातीवर, दंडांवर जे पट्टे रंगवतात, तेही त्यांच्या चित्रांत उतरतात.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, ‘अमूर्त’ म्हणून पुढे सरकू नका. आधी लांबून पाहा, मग जवळ जाऊन एकच रेष धरा आणि ती कुठे जाते ते बघत राहा. भिंतीवरच्या पाटीवर अनेकदा चित्रकर्तीचं गाव असतं, तेही जरूर वाचा. चित्र बहुतेकदा त्याच जमिनीचं असतं.